लवाद कुणाचा? १९३८चा काळा कायदा, उसाचा फड आणि आपल्या पोरांची नेमणूकपत्रे

गेल्या पावसाळ्यात नांदेडच्या आमच्या अभ्यासवर्गाला एक तरुण आला. बी.कॉम. झालेला, अंगात अजून कंपनीचाच शर्ट. लातूरला एका खाजगी फायनान्स कंपनीत तो बचत गटांच्या बायांकडून आठवड्याचे हप्ते गोळा करायचा. वसुलीच्या हिशोबात तूट निघाली, तिचा ठपका त्याच्यावर आला, दोन महिन्यांचा पगार अडकला आणि एके दिवशी 'उद्यापासून येऊ नको' असे फोनवर सांगितले गेले. त्याने वकिलाकडून पत्र पाठवले. उत्तरादाखल इंग्रजीत चार पानी नोटीस आली. नेमणूकपत्रातल्या अमुक कलमानुसार हा वाद लवादाकडे सोपवला आहे, लवाद म्हणून अमुक वकिलांची नेमणूक केली आहे, सुनावणी मुंबईत होईल, आपण हजर न राहिल्यास एकतर्फी निवाडा दिला जाईल.

ती नोटीस आमच्या पुढ्यात ठेवून त्याने विचारले, "दादा, लवाद म्हंजे कोर्टच का?"

आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केले आहे, वकिली केलेली नाही. पण हा प्रश्न वकिलाचा कमी आणि इतिहासाचा जास्त आहे असे आम्हाला वाटते. कामगार आणि मालक यांच्यातला वाद कुणापुढे जावा, तो पंच कुणी निवडावा आणि त्याच्यापुढे जायला कामगाराने नकार दिला तर काय, या तीन प्रश्नांवर बाबासाहेब मुंबईच्या विधिमंडळात लढले आणि रस्त्यावरही लढले. आपण दरवर्षी ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिन साजरा करतो, कारण १९०० साली त्या तारखेला भीमराव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. छानच आहे. पण बरोबर त्याच तारखेला, १९३८ साली, बाबासाहेबांच्या हाकेवर मुंबईच्या गिरण्या एक दिवस बंद झाल्या होत्या, हे आपल्या किती पोरांना ठाऊक आहे? वह्या-पेन वाटपाच्या कार्यक्रमात आम्ही हे सांगितले तेव्हा मंचावरचे दोन मान्यवरही चकित झाले होते.

पंच ही गोष्ट आपल्या समाजाला नवी नाही. कायद्याने लवाद हा शब्द उचलण्याच्या कितीतरी आधीपासून गावच्या चावडीवर आपले निवाडे होत होते. बलुत्याचा वाटा कमी दिला, राबवून घेतले आणि धान्य दिले नाही, मेलेले ढोर ओढायला नकार दिला, असा कुठलाही तंटा असो. ज्यांच्याकडून येणे बाकी, तेच निवाड्याला बसलेले. निवाडा मान्य नसेल तर पुढे अपील नाही, पुढे बहिष्कार. मराठवाडा निजामाच्या अमलाखाली होता तेव्हा वेठबिगारीवर कुणाकडे दाद मागायची सोय नव्हती. नंतर सालगड्यांचे तेच झाले. पाडव्याला साल संपले की उचलीचा हिशोब मालकाच्या ओसरीवर आणि हिशोब लिहिणाराही मालकच. अगदी अलीकडे, १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, गावांना तंटे मिटवण्यासाठी बक्षिसे मिळू लागली. उद्देश चांगला असेलही. पण मजुरी बुडाली म्हणून पोलिसात जाऊ पाहणाऱ्या बाईला "गावाचं बक्षीस घालवतीस का?" असे विचारलेले आम्ही आमच्या कानांनी ऐकले आहे.

म्हणजे 'आपसात मिटवा' हे वाक्य ज्याच्या तोंडून येते त्याची जागा बघावी लागते. वरच्या पायरीवरून आलेले 'आपसात मिटवा' आणि बरोबरीने बसून केलेली तडजोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९३८ची लढाई नेमकी याच फरकाची होती.

त्या लढाईची मुळे अहमदाबादला आहेत. १९१८ साली तिथल्या गिरणी कामगारांनी गांधीजींच्या नेतृत्वाखाली संप केला. मागणी ३५ टक्के वाढीची होती. गांधीजींनी उपोषण केले, वाद आनंदशंकर ध्रुव यांच्या लवादाकडे गेला आणि त्यांनी अखेर ३५ टक्केच दिले. या घटनेतून गांधीवाद्यांनी धडा घेतला तो असा की लवाद हाच कामगारांचा खरा मार्ग. मालक हा विश्वस्त, मजूर त्याच्या कुटुंबातला, घरातले भांडण घरातच मिटावे. १९२० साली उभ्या राहिलेल्या मजूर महाजनाचे हेच तत्त्वज्ञान. १९३१च्या कराची ठरावातही काँग्रेसने कामगारांच्या संघटनेचा हक्क मान्य करताना वाद लवादाने मिटवण्याची यंत्रणा त्याला जोडूनच ठेवली.

आमचे वाचन वेगळे आहे. ध्रुवांनी ३५ टक्के दिले कारण त्यांच्या लवादाच्या मागे कामगारांनी केलेला संप होता. संप न करताच कामगार हात जोडून लवादापुढे उभे राहिले असते, तर आकडा तोच आला असता का? लवादाच्या मागे संपाची ताकद असेल तर लवाद न्याय देतो. ती ताकद आधीच काढून घेतली तर मालकाला ऐकून घेण्याचेही कारण उरत नाही.

१९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. मजूर महाजनातून आलेले गुलझारीलाल नंदा संसदीय सचिव झाले आणि मजुरांच्या प्रश्नाची सूत्रे त्यांच्याकडे आली. सप्टेंबर १९३८ मध्ये औद्योगिक तंट्यांचे विधेयक आले. त्यात समेटाची लांबलचक प्रक्रिया होती आणि ती पुरी होण्याआधी केलेला संप बेकायदा ठरणार होता. बेकायदा संप करणाऱ्या कामगाराला शिक्षा. टाळेबंदीवरही बंधन होते, म्हणून सरकारपक्ष म्हणत होता की हा कायदा दोघांना सारखाच लागू आहे.

स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून बाबासाहेब १५ सप्टेंबरला विधिमंडळात उभे राहिले. शासनाने प्रसिद्ध केलेल्या लेखन आणि भाषणे मालिकेच्या दुसऱ्या खंडात ते भाषण आहे. प्रत्येक कार्यकर्त्याने ते मुळातून वाचावे असा आमचा आग्रह आहे, कारण त्यात घोषणा कमी आणि कायद्याचा कीस जास्त आहे. त्यांचा मुख्य मुद्दा असा की संप म्हणजे कामाचा करार मोडणे. करार मोडला तर दिवाणी नुकसानभरपाई मागता येते. तो फौजदारी गुन्हा कसा होईल? कामगाराला त्याच्या इच्छेविरुद्ध राबायला लावायचे आणि न राबल्यास तुरुंगात टाकायचे, याला गुलामी म्हणतात. इंग्रजांनी १८५९ साली कामाचा करार मोडणाऱ्या कामगाराला शिक्षा करणारा कायदा केला होता, तो १९२५ साली रद्दही झाला होता. जे परक्या सरकारने मागे घेतले तेच लोकांनी निवडलेले सरकार परत आणत होते. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्याच हक्काचे दुसरे नाव आहे, ही बाबासाहेबांची मांडणी या भाषणातली. देशपातळीवरच्या १९२९च्या कायद्यात पूर्वसूचनेचे बंधन फक्त लोकोपयोगी सेवांपुरते होते, इथे ते सरसकट होत होते. मालक 'परवडत नाही' म्हणत असेल तर त्याने आपला जमाखर्च उघड करावा, असे बंधन मात्र विधेयकात नव्हते. या कायद्याला कामगारांचे नागरी स्वातंत्र्य स्थगित करणारा कायदा म्हणावे, असे त्यांनी सुनावले.

बाबासाहेब संपाचे वेडे नव्हते, हे इथे सांगितले पाहिजे. १९२९च्या गिरणी संपाला त्यांचा विरोध होता, आपल्या माणसांनी कामावर जावे असे त्यांनी सांगितले होते. त्याआधीच्या १९२८च्या संपात त्यांनी संपाच्या नेत्यांपुढे वेगळाच प्रश्न टाकला होता. विणकाम खात्यात पगार जास्त होता, पण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात प्रवेश नव्हता. ही बंदी कुणा मालकाने एकट्याने घातलेली नव्हती, सोबतच्या सवर्ण कामगारांचीही तिला संमती होती. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू त्यांनी सांगितले ते या अनुभवातून. असा माणूस नऊ महिन्यांनी कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून संपाच्या हक्कासाठी उभा राहतो, तेव्हा त्या हक्काची किंमत त्याने किती जोखली असेल याचा विचार करा. संप रोज करायचा नसतो. पण तो करता येतो एवढे समोरच्याला ठाऊक असावे लागते.

७ नोव्हेंबरला संप झाला. कामगार मैदानावरून सभा, मिरवणुका, पोलिसांशी चकमकी आणि गोळीबार. खेर सरकारने विधेयक रेटून नेले, कायदा झाला. पुढे १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने समेटाच्या सक्तीला लवादाच्या सक्तीची जोड दिली: सरकारला वाटले तर वाद औद्योगिक न्यायालयाच्या लवादाकडे सोपवता येऊ लागला. शिवाय कामगारांच्या वतीने बोलण्याचा हक्क एका 'प्रातिनिधिक' युनियनला. १९८२च्या जानेवारीत मुंबईचे अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार दत्ता सामंतांच्या मागे गेले, तरी कायद्याच्या कागदावर त्यांची प्रतिनिधी राष्ट्रीय मिल मजदूर संघच होती. ज्या युनियनला कामगारांनी सोडले होते तिच्याशीच बोलणी करा, असे कायदा सांगत राहिला. संप चिरडला गेला, त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक.

इथे एक अडचणीचा प्रश्न येतो आणि तो आपल्याच तरुणांनी विचारावा असे आम्हाला वाटते. १९४२च्या जुलैत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले. त्या वेळी भारत संरक्षण नियमांतला ८१-अ हा नियम लागू होता, ज्याखाली सरकार संप रोखू शकत होते आणि वाद सक्तीने न्यायनिवाड्याकडे पाठवू शकत होते. म्हणजे १९३८ला ज्याला विरोध केला त्याच धाटणीचे अधिकार त्यांच्या खात्याकडे आले. विरोधक हे दाखवून 'बघा, तुमचे बाबासाहेब' असे म्हणतात. आम्ही ही गोष्ट झाकून ठेवत नाही. महायुद्ध चालू होते, फॅसिझमचा पराभव हा बाबासाहेबांना कामगारांचाही प्रश्न वाटत होता, आणि नियम युद्धकाळापुरता होता. पण आमच्या मते त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी या नियमाच्या भोवती काय उभे केले. मालक, मजूर आणि सरकार यांना एका टेबलाशी बसवणाऱ्या त्रिपक्षीय परिषदा, सेवायोजन कार्यालये, युनियनला मान्यता देणे मालकावर बंधनकारक करणारे विधेयक, १९४६ साली आठवड्याचे ४८ तास. पंच सरकारचा होता आणि तो मालकालाही बांधत होता. तरीही हे समर्थन पुरेसे आहे असा आमचा दावा नाही. कारण पुढे युद्ध संपले, बाबासाहेब खात्यातून गेले आणि १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात तो युद्धकाळातला अधिकार कायमचा येऊन बसला. वाद न्यायाधिकरणाकडे पाठवायचा की नाही हे सरकारच्या मर्जीवर. स्वतंत्र भारताचे मजूर मंत्री व्ही. व्ही. गिरी या सक्तीच्या न्यायनिवाड्याचे विरोधक होते. बँक कर्मचाऱ्यांच्या बाजूचा निवाडा सरकारने स्वतःच बदलला तेव्हा, १९५४ साली, त्यांनी राजीनामा दिला. निवाडा कामगाराला सक्तीचा आणि सरकारला ऐच्छिक, असा तो प्रकार होता.

आता आपल्याकडे येऊ. खेर सरकारचा १९३८चा कायदा निजामाच्या हद्दीवर थांबत होता. नांदेडची उस्मानशाही मिल त्या हद्दीच्या अलीकडे होती. मराठवाडा १९५६च्या नोव्हेंबरात मुंबई राज्यात आला आणि कामगार कायद्यांची ही सगळी परंपराही हळूहळू इकडे आली. मिल पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि बंद पडली. मिलच्या कामगाराला निदान युनियन होती, पगारपत्रक होते, कोर्टाची पायरी होती. मराठवाड्यातल्या बहुसंख्य कष्टकऱ्यांना यातले काहीच नव्हते. त्यांच्या वाट्याला लवाद आला तो उसाच्या फडात.

मुखेड, कंधार, लोहा, इकडे जळकोट, अहमदपूर. दसरा-दिवाळीच्या सुमारास या तालुक्यांतली गावे रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची, स्टँपवर अंगठा द्यायचा आणि कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे किंवा कर्नाटकात जाऊन पाच-सहा महिने कोपीत राहायचे. एक दिवस पडला तर खाडा. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे. यात बंजारा, वंजारी आहेत, आपली माणसेही आहेत.

या माणसांची मजुरी कशी ठरते? सहकारी साखर कारखान्यांचा राज्य संघ एका बाजूला, कामगार आणि मुकादमांच्या संघटना दुसऱ्या बाजूला, आणि तिढा सुटला नाही की लवाद. वर्तमानपत्रांतही हाच शब्द छापून येतो. अनेक वर्षे शरद पवार आणि गोपीनाथ मुंडे ही लवादातली नावे. २०१४ला मुंडे गेल्यावर त्यांच्या जागी पंकजा मुंडे आल्या. २०२०च्या ऑक्टोबरात १४ टक्के वाढ झाली. २०२४च्या जानेवारीत पुण्याच्या साखर संकुलात ३४ टक्के ठरली. दोन्ही वेळा आधी कोयता बंदची हाक होती, ध्रुवांच्या लवादासारखेच. ३४ टक्के ही छोटी वाढ नाही, ती मिळवून देणाऱ्यांचे श्रेय आम्ही नाकारत नाही.

पण प्रश्न विचारायचा तो विचारू. या लवादाला कुठल्या कायद्याचा आधार आहे? तिथे झालेला निवाडा एखाद्या कारखान्याने पाळला नाही तर मुखेडच्या कोयत्याने कुठल्या न्यायालयात जायचे? लवादात बसणारे दोन्ही बाजूंचे नेते साखर कारखानदारीशी जवळून जोडलेले आहेत, ही काही लपलेली गोष्ट नाही. लातूर आणि नांदेडचे राजकारणही कारखान्यांभोवतीच फिरत आले आहे. व्यक्तींच्या हेतूबद्दल आम्ही बोलत नाही. रचनेबद्दल बोलतो. आणि मुकादमांचे कमिशन ज्या टेबलावर ठरते त्याच टेबलावर मजुराची मजुरी ठरते, त्या टेबलाशी मुकादम मजुराच्या बाजूचा म्हणून बसतो, हे कुठल्या समाजशास्त्रात बसते ते आम्हाला अजून उमगलेले नाही. दर टनामागे ठरतो. पण खाडा किती कापायचा, अपघात झाला तर कोण देणार, बाईचे नाव करारात का नसते, उचलीसाठी डांबून ठेवले तर काय, हे प्रश्न त्या टेबलापर्यंत पोचतच नाहीत. वेठबिगार निर्मूलन कायदा १९७६चा आहे. किमान वेतनापेक्षा कमी देऊन राबवून घेणे ही घटनेच्या २३व्या कलमाने बंदी घातलेली सक्तीची मजुरी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात १९८२ सालीच सांगितले. हे कायदे फडात जात नाहीत, कारण कारखाना म्हणतो मजूर आमचा नाही, मुकादमाचा. मुकादम म्हणतो मी तर स्वतःच मजूर. मालकच सापडत नाही, मग न्यायालय कुठून सापडणार? कायद्याने या लवादाची सक्ती कुणावर केलेली नाही. दुसरे दारच नसल्यामुळे ती आपोआप झाली आहे.

याच महाराष्ट्रात दुसरा रस्ता काढलेला आहे. १९६९चा माथाडी कायदा. हमालाचा कायमचा एक मालक नसतो हे मान्य करून मंडळ केले, मालक आणि हमाल दोघांची नोंदणी, मजुरी मंडळामार्फत, मंडळात तिन्ही बाजू. त्यात गळती खूप आहे, बोगस टोळ्याही घुसल्या आहेत. तरी हमालाच्या हातात नोंदणीचा पुरावा असतो. उसाच्या कोयत्याकडे मुकादमाची चिठ्ठी असते, तीही बहुतेक वेळा मुकादमाच्याच खिशात.

आणि आता त्या शर्टातल्या तरुणाकडे. त्याच्या आईवडिलांनी ऊस तोडून त्याला शिकवले. पोरगा कोयत्यातून सुटला, ऑफिसात गेला, गळ्यात पट्टा आला. आणि तिथेही लवाद त्याची वाट बघत होता, या वेळी इंग्रजीत.

१९९६चा लवाद आणि समेट कायदा हा व्यापाऱ्यांसाठी, कंत्राटदारांसाठी केलेला. बरोबरीच्या दोन पक्षांनी कोर्टाची दिरंगाई टाळावी म्हणून. कंपन्यांनी त्यातले कलम उचलून नेमणूकपत्रात घातले. अमेरिकेत हे फार पुढे गेले आहे. तिथे १९२५च्या व्यापारी लवाद कायद्याच्या आधारे कोट्यवधी नोकरदारांनी कोर्टात जाण्याचा हक्क नोकरीच्या पहिल्याच दिवशी सही करून सोडलेला असतो. एकत्र येऊन दावा करण्याचा हक्कही असा सोडता येतो, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ठरवले. लैंगिक छळाची प्रकरणे बंद खोलीतल्या लवादात दाबली जातात याचा बोभाटा झाल्यावर २०२२ साली तेवढी प्रकरणे कायद्याने सक्तीच्या लवादातून बाहेर काढावी लागली.

आपल्याकडे परिस्थिती अजून तितकी वाईट नाही, आणि हेच आमच्या पोरांना माहीत नाही. किंगफिशर विमान कंपनीने पगार थकवला तेव्हा वैमानिक कामगार न्यायालयात गेले. कंपनीने करारातल्या लवादाच्या कलमाकडे बोट दाखवले. २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने कंपनीचे म्हणणे फेटाळले. कामगार कायद्याखालचे वाद हे दोन माणसांमधले खाजगी भांडण नाही, समाजाचे हित त्यात गुंतलेले असते, त्यासाठी कायद्याने खास न्यायालये निर्माण केली आहेत, ते खाजगी लवादाकडे ढकलता येणार नाहीत, असा त्या निकालाचा आशय. शिवाय वादात ज्याचे हितसंबंध आहेत त्या पक्षाने एकट्याने लवाद नेमू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९च्या पर्किन्स ईस्टमन प्रकरणात म्हटले आहे. म्हणजे आमच्या तरुणाला आलेली ती चार पानी नोटीस दिसायला जेवढी भारी होती तेवढी ती कायद्याने नव्हती. ती घाबरवण्यासाठी होती, आणि तो घाबरला होता.

पण यात एक खोच आहे. हे संरक्षण 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्याला आहे. व्यवस्थापक किंवा ठराविक पगारावरचा पर्यवेक्षक त्यात बसत नाही. म्हणून हल्ली हप्ते गोळा करणाऱ्या पोरालाही 'ऑफिसर', 'एक्झिक्युटिव्ह', 'मॅनेजर' अशी पदे देतात. घरी आईला बरे वाटते, लग्नाच्या बायोडाटात शोभते. न्यायालय पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम काय होते ते पाहते, पण ते काम सिद्ध करायला कागद लागतात. रोजची वसुलीची यादी, वरिष्ठांचे व्हॉट्सॲप आदेश, हजेरी. नोकरी गेली त्या दिवशी कंपनीच्या मोबाइलसोबत हे सगळे परत जाते.

आणि कायदाही तोच राहिलेला नाही. २०२०ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. आता कुठल्याही आस्थापनेत संपाआधी १४ दिवसांची नोटीस सक्तीची आहे. जुन्या कायद्यात हे बंधन लोकोपयोगी सेवांपुरते होते. समेट चालू असताना संप बेकायदा, न्यायाधिकरणापुढे वाद असताना बेकायदा, त्यानंतर साठ दिवस बेकायदा. निम्म्या कामगारांनी एकदम रजा टाकली तर तोही संपच. नोटीस दिली की समेट सुरू होतो, समेट सुरू झाला की संप करता येत नाही. १५ सप्टेंबर १९३८चे भाषण हातात घ्या आणि संहितेचे हे प्रकरण शेजारी ठेवा. सत्तेवरचा पक्ष बदलला, मसुदा ओळखीचा आहे. कामावरून काढल्यावर न्यायाधिकरणाकडे थेट जाण्याची मुदतही तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे. मुंबईच्या लवादात तारखा मोजत बसलेल्या पोराची ही मुदत गुपचूप निघून जाऊ शकते.

आपल्या चळवळीने हा विषय सोडून दिला याची खंत आम्हाला आहे. नामांतरापासून ॲट्रॉसिटीपर्यंत आपण रस्त्यावर उतरलो, उतरलेच पाहिजे होते. पण आरक्षणाची सरकारी नोकरी आकसत गेली आणि आपली पोरे खाजगी कंपन्यांत, कंत्राटात, डिलिव्हरीत गेली, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाचा वारसा आपण जयंतीच्या भाषणापुरता ठेवला. कामगार कायदा म्हणजे कम्युनिस्टांचे काम, असे म्हणणारे कार्यकर्ते आम्हाला अजून भेटतात. दुसऱ्या खंडातली पाने उलटली असती तर असे म्हणाले नसते.

त्या तरुणाने लवादाला दोन पानी उत्तर पाठवले: मी कामगार आहे, माझा वाद कामगार कायद्याखालचा आहे, तुमची नेमणूक मला मान्य नाही, मी तुमच्यापुढे येणार नाही. मजकूर एका वकील ताईंनी तपासून दिला. सोबत कामगार कार्यालयात अर्ज केला. समेटाच्या पहिल्या तारखेला कंपनीकडून कुणी आले नाही, दुसऱ्या तारखेला आले आणि अडकलेल्या दोन महिन्यांपैकी एका महिन्याचा पगार द्यायची तयारी दाखवली. त्याने घेतला नाही. घ्यावा की नाही यावर आमच्यातच दोन मते होती. त्याच्या आईचे मत तिसरे होते: "पैसे राहू द्या, चोर नाही म्हणून लिहून द्या म्हणावं." प्रकरण चालू आहे.

दसऱ्याच्या आधी टोळ्या निघायला लागतील. त्यापूर्वीच्या दोन रविवारी मुखेड आणि अहमदपूरला आम्ही बुद्ध विहारांत बसणार आहोत. ज्यांनी उचल घेतली आहे त्यांनी स्टँपची झेरॉक्स आणावी, मुकादम देत नसेल तर मोबाइलवर फोटो तरी काढून आणावा. कंपनीत लागलेल्या पोरांनी नेमणूकपत्राची सगळी पाने आणावीत. लवादाचे कलम बहुतेक शेवटून दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरात असते.